तीन नंबरची परीक्षा

सातव्या कुत्र्याच्या फॉर्मवर ‘नापास’ लिहायला मी टाक दौतीत बुडवला, आणि गजांच्या पलीकडे उभी असलेली एक बाई फिस्सकन हसली.

मी मान वर केली. पन्नाशीची बाई, काखेत रिकामं टोपलं, पायांवर चिखल वाळलेला. मी सरकारी व्हेटर्नरी असिस्टंट सर्जन, म्हणजे लोकांच्या तोंडी ढोरांचा डाक्टर. अंगात खाकी कोट, हातात छापील फॉर्म. अशा माणसाला कोणी हसत नाही. निदान तोंडावर तरी नाही.

“काहून हसून राहिल्या बाई?” मी दरडावलं.

“हसू नाही तं काय करू जी? तुमी त्याच्यासमोर गोटा उचलता, न तो गुरगुरला का कागदावर त्याचं नाव लावता!”

“गोटा? कुठाय गोटा?” मी दोन्ही हात उघडून दाखवले.

“थे तुमाले मालूम. त्याले काय मालूम? तुमी वाकले ना!”

टाकातली शाई फॉर्मवर गळली. बाई खरं बोलत होती, आणि ते मला वयाच्या आठव्या वर्षापासून ठाऊक होतं.

हा काय प्रकार होता ते आधी सांगतो. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. अमरावतीत मोकाट कुत्री फार झाली होती आणि त्यावर एकच उपाय चाले, कुचल्याचं विष घातलेला लाडू. जनावरं भर रस्त्यात तडफडत मरायची. शेवटी गावातल्या सात-आठ सधन मंडळींनी एक कमिटी काढली. अध्यक्ष बापूसाहेब, जिनवाले. कापसातून सरकी काढायचा त्यांचा एक जुना कारखाना, म्हणजे जिन, बंद पडलेला होता. त्याच्या कापसाच्या गोदामात गज लावून खण पाडायचे, तिथे कुत्री ठेवायची आणि त्यांतली चांगली बागायतदारांना राखणीला द्यायची. वरूडकडे संत्र्याच्या बागा होत्या, वलगावकडे भाजीचे मळे होते, आणि वांदरं-डुकरं दोन्हीकडे सारखीच नासाडी करत. कुत्रं प्रत्येकालाच हवं होतं. ही कल्पना माझी. उगाच कशाला लाजू, माझीच.

पण ‘चांगलं’ कुत्रं ओळखायचं कसं? उद्या एखाद्याच्या पोराला चावलं तर कमिटीच्या तोंडाला काळं. प्रश्न वाजवी होता. त्याचं उत्तर कमिटीचे सेक्रेटरी लिमये यांनी शोधून आणलं. लिमये मूळचे पुण्याचे, इथे एका कापूस कंपनीत मॅनेजर. माणूस टापटीप, वक्तशीर आणि मनाचा अगदी स्वच्छ. त्यांनी विलायतेहून एक पुस्तक मागवलं, त्यातून कुत्र्याच्या स्वभावाच्या पाच परीक्षा उतरवून घेतल्या आणि फॉर्म छापला.

एक नंबर, अनोळखी माणूस जवळ गेला की कुत्रं काय करतं ते पाहणे. दोन नंबर, हातातून खाणं घेतं का ते पाहणे. आणि तीन नंबर, परीक्षकाने कुत्र्यापासून दोन हात अंतरावर उभं राहून कमरेत खाली वाकावं, हात जमिनीकडे न्यावा आणि गोड आवाजात बोलवावं. सालस कुत्रं शेपूट हलवत येईल, भित्रं पळेल, दुष्ट गुरगुरेल. खाली ठळक टीप होती. तीन नंबरात गुरगुरलेलं कुत्रं धोकादायक समजावं, पुढची परीक्षा घेऊ नये.

धोकादायक म्हणजे शनिवारी लाडू.

पहिल्या आठवड्यात सहा कुत्री आली. सहाही तीन नंबरात गुरगुरली. गोदामाचा खण अडीच हात रुंद, मागे भिंत. पळायचं म्हटलं तर कुठे पळतील? दातच दाखवणार. मला मात्र वाटलं, गावची अवलादच खराब दिसते. सहा फॉर्मांवर झोकात सही केली. सोमवारी आलो तेव्हा खण धुऊन कोरडे झाले होते.

आणि मी कोण? बार्शीटाकळीचा. शाळेतून येताना कुत्रं आडवं आलं की आम्ही पोट्टे काय करायचो? खाली वाकायचो. हातात गोटा आलाच पाहिजे असं नव्हतं. नुसतं वाकलं की कुत्रं शेपूट घालून पसार. वऱ्हाडातलं प्रत्येक कुत्रं हे डोळे उघडल्यापासून शिकतं आणि प्रत्येक पोरगं पायावर उभं राहिल्यापासून. मी ते कॉलेजात विसरून आलो. छापील कागद हातात आला आणि माझी अक्कल चरायला गेली. सहा जीव गेले त्यापायी. आजही हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

बाजूला जिनाचा जुना चौकीदार नामदेव उभा होता. कुत्र्यांचं खाणंपिणं त्याच्याकडे. मी त्याच्यावर उखडलो.

“नामदेव, तुले हे मालूम होतं?”

“मालूम तं सगळ्याईलेच हाय, साहेब.”

“मंग बोलला काहून नाही?”

“तुमी कुठी पुसलं? मले वाटलं फारमातच तसं हाय. कुत्र्याले आधी भेव दाखवाचं, न मंग पाहाचं.”



बाईचं नाव गिरजाबाई. वलगावला पेढी नदीच्या अंगाला तिचा मळा. बुधवारी आणि रविवारी ती वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन अमरावतीच्या बाजारात बसे. तो बुधवार होता. भाजी विकून ती सरळ जिनात आली होती.

“मी याच्याचसाठी आली,” तिने गजातून बोट दाखवलं. सातवं कुत्रं काळं-पांढरं होतं, एक कान फाटलेला. “हा कबऱ्या. बजारात माह्याजवळ बसते. मी पानी प्याले गेली तं टोपल्यापासून हालत नाही. बैल येवो का बकरी येवो, भाजीले तोंड लावू देत नाही. न गिऱ्हाइकावर भुकत नाही, एका बी. काल म्हने जाळीवाल्याईनं उचलला.”

“मळ्यात नेऊन ठेवायचा होता की मग.”

“तेच तं चुकलं ना बाप्पा! मले वाटलं, बजारातच खुश हाय तो. मालक जाऊन चार वर्सं झाले, लेक सासरी, मळ्यात मी एकटी. वांदरायनं यंदा एक वांगं धड ठेवलं नाही. हा नाही भेटला तं पुढच्या साली मी मळा करत नाही, सांगून ठेवतो.”

मला एक पळवाट सुचली. कुत्र्याचा धनी येऊन त्याला घेऊन गेला तर परीक्षेची गरज नसे. मी आवाज खाली आणला.

“बाई, हा तुमचाच आहे म्हणा. आत्ता सोडतो.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच टोपल्यातली भाजी लंपास करताना सापडलो होतो.

“माहा असता तं मी त्याले बजारात सोडला असता काय? तागडी धरून मी खोटं बोलत नाही, न कुत्र्यासाठी बोलू? बजाराचा हाय तो. तुमी माहा करून द्या, मंग माहा म्हनीन.”

झालं! पळवाट बंद.

मग मी ठरवलं, परीक्षा घ्यायचीच तर कामाची घेऊ. जिनाच्या अंगणात कापसाच्या बंड्या अजूनही विसाव्याला थांबत. एक बंडीवाला बैल सोडून बसला होता. गिरजाबाईच्या टोपल्यात मेथीच्या तीन-चार जुड्या उरल्या होत्या. टोपलं अंगणाच्या मधोमध ठेवलं, तिला दूर कडुलिंबाखाली बसवलं, आणि कबऱ्याला लांब दोरावर बाहेर काढलं.

कबऱ्या आधी सगळीकडे हुंगत फिरला. मग टोपल्याशी गेला, आणि कोणी सांगितल्यासारखा शेजारी बसला. बैलाला मेथीचा वास लागला. तो हलत डुलत आला. कबऱ्या उठला, बैलाच्या आणि टोपल्याच्या मध्ये उभा राहिला आणि दोनदा भुंकला. चावला नाही, अंगावर गेला नाही. बैलाने नाक पुढे केलं तशी कबऱ्याने आपलंही नाक पुढे केलं. बैल विचार करून माघारी फिरला. नंतर बंडीवाला टोपल्याला वळसा घालून दोनदा गेला. त्याच्याकडे कबऱ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. नामदेवने एक जुडी उचलली, तेव्हा मात्र तो उभा राहून गिरजाबाईकडे पाहू लागला. तिने लांबूनच “घेऊ दे रे” म्हटलं, आणि तो खाली बसला.

आता मी त्याच्यासमोर वाकलो. तो दोराच्या टोकापर्यंत पळाला आणि तिथून पाहत राहिला. गुरगुरला नाही. पळायला जागा होती ना!

मी फॉर्म उलटा केला आणि पाठीवर लिहिलं, ‘राखणीस लायक. गिरजाबाईंस द्यावे.’

संध्याकाळपर्यंत मी अमरावतीतल्या दिसेल त्या कुत्र्यासमोर वाकत सुटलो. एकूण एक पळालं. एका शिंप्याने दुकानातून विचारलं, “डाक्टरसाहेब, काही पडलं काय तुमचं?” मी म्हटलं, “हो, अक्कल. सापडून राहिली हळूहळू.”

दुसऱ्या दिवशी लिमयेंनी मला बोलावलं. टेबलावर माझा फॉर्म पालथा पडलेला.

“राऊत, फॉर्मच्या पाठीमागे लिहायची पद्धत नाही.”

“पुढे जागा नव्हती साहेब.”

“तीन नंबरात कुत्रा गुरगुरला की नाही?”

“गुरगुरला. मी गोटा उचलला म्हणून.”

“तुम्ही दगड उचललात?” लिमये ताठ झाले.

“उचलला नाही. त्याला तसं वाटलं.”

“कुत्र्याला काय वाटलं, याचा रकाना नाही फॉर्मात.”

“तोच तर पाहिजे होता साहेब. परीक्षा कुत्र्याची आहे.”

लिमयेंनी चष्मा पुसला. “हे पुस्तक लिहिणारे काही मूर्ख नव्हेत. मी स्वतः आमच्या जिमीवर प्रयोग केलाय. तो शेपूट हलवत आला.”

“जिमीला कोणी कधी गोटा मारलाय?”

“छे! काय भलतंच बोलता!”

“मग झालं तर. तुमच्या पुस्तकवाल्याच्या गल्लीत कुत्र्याला गोटे मारत नसतील. आमच्या गल्लीत मारतात. चूक आमचीच आहे, पण तिची शिक्षा कुत्र्याला कशाला?”

“शनिवारी दहाच्या आत मला फॉर्म पुढच्या बाजूने भरून हवाय. नापास म्हणजे नापास. उद्या तो कोणाला चावला तर जबाबदारी माझी आहे, त्या भाजीवाल्या बाईची नाही. नाहीतर मला तुमच्या ऑफिसला लिहावं लागेल.”

“लिहा. सही मी करणार नाही.”

अकरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. घरी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, पोराबाळांचं काय म्हणून रडेल. ती म्हणाली, “बदली तं बदली. पन सही करून आले तं मले तोंड दाखवू नका.”

शनिवारी सकाळी कमिटी बापूसाहेबांच्या ओसरीवर बसायची. मी साडेनऊलाच पोचलो. नामदेव लाडवांचा डबा घेऊन फाटकाशी उभा होता, त्याचा चेहरा पडलेला. जरा पलीकडे गिरजाबाई मातीतच बसलेली. वलगावहून पायी आली होती. हातात नवा दोर होता, कबऱ्याला बांधून न्यायला.

अंगणात बापूसाहेबांचा मोत्या पसरला होता. म्हातारं गावठी कुत्रं. नातवंडं त्याचे कान ओढत होती आणि तो जांभया देत होता.

“काय रे राऊत,” बापूसाहेब सुपारी कातरत म्हणाले, “लिमये साहेब म्हंतात, तू ऐकून नाही राहिला.”

“नाही ऐकत बापूसाहेब.”

“अरे वा! तोंडावर सांगून राहिला!”

“एक विचारू? मोत्या कसा कुत्रा आहे?”

“मोत्या?” बापूसाहेब खुलले. “गाय हाय गाय. माह्या घरी म्हातारा झाला, आजपर्यंत कोनाले दात नाही लावला त्यानं.”

“लिमये साहेब, हे मान्य?”

“मान्य. मी त्याला पाहतोच आहे नेहमी.”

“मग साहेब, आज परीक्षा तुम्ही घ्या. मोत्याची. तीन नंबर. नातवंडांना जरा आत पाठवा.”

सांगितलं ना, लिमये माणूस मनाचा स्वच्छ. त्यांनी कोट सारखा केला, अंगणात उतरले, मोत्यापासून दोन हातांवर उभे राहिले, कमरेत वाकले, हात जमिनीकडे नेला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “ये, ये राजा.”

मोत्याने एक डोळा उघडला. पुढच्या क्षणाला तो असा उठला, की त्याच्या म्हातारपणाची कोणी शपथ घेतली नसती. अंगणाच्या कोपऱ्यात बापूसाहेबांची दमणी, म्हणजे बसायची बैलगाडी, उभी होती. मोत्या तिच्या चाकामागे, भिंतीशी जाऊन दडला. लिमये नियमाला पक्के. ते पुढे गेले, दोन हातांचं अंतर पुन्हा धरलं आणि पुन्हा वाकले.

चाकामागून मोत्या गुरगुरला. ओठ वर, उरलेसुरले सगळे दात बाहेर.

मी खिशातून कोरा फॉर्म काढला, टाक बुडवला आणि मोठ्याने वाचत लिहायला लागलो. “नाव मोत्या. रंग तांबडा. तीन नंबर, गुरगुरला. धोकादायक. बापूसाहेब, सही इथं करा. नामदेव लाडू घेऊन फाटकातच उभा हाय.”

“राऊत!” बापूसाहेबांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. “तोंड सांभाळ!”

“काहून सांभाळू?” आता माझी शुद्ध मराठी गेली खड्ड्यात. “सहा कुत्रे मेले याच कागदावर! त्याच्यातले किती मोत्यासारखे होते, कोनाले मालूम? माह्या सहीनं मेले. तवा मले कोनी म्हनलं नाही, राऊत, हात सांभाळ! आता सातव्यावर सही मांगता? नोकरी घ्या, सही भेटत नाही!”

शेवटी आवाज चिरकला. चार माणसांत डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

लिमये अजून अंगणातच उभे होते. ते सावकाश ओसरीवर आले. माझ्या हातून टाक घेतला, कमिटीच्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ओढला आणि एकेका फॉर्मवरचा तीन नंबर स्वतःच्या हाताने खोडू लागले. आठ-दहा फॉर्म खोडल्यावर थांबले.

“त्या जागी काय लिहायचं?” त्यांनी विचारलं.

“टोपलं आणि बैल.”

त्यांनी तसंच लिहिलं, शब्दाला शब्द. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “फॉर्मबद्दल तुमचं बरोबर होतं राऊत. पण तुमची वागणूक उद्धट आहे. ते मी कळवणार.”

“कळवा साहेब.”

बापूसाहेबांनी नामदेवला हाक मारून डबा घेतला आणि स्वतःच्या देखरेखीखाली परसात खड्डा करून पुरायला लावला. मोत्या दुपारपर्यंत दमणीखालून निघाला नाही. मग नामदेवने जिनातून कबऱ्याला आणलं. गिरजाबाईने फॉर्मवर अंगठा उठवला, नवा दोर कबऱ्याच्या गळ्यात बांधला, आणि लिमयेंच्या तोंडासमोर मला म्हणाली, “आता माहा.”

लिमयेंनी खरंच कळवलं. दोन महिन्यांत माझी अकोल्याला बदली झाली. बायकोने भांडी बांधायला घेतली, एका शब्दाने कुरकुरली नाही.

निघायच्या आधी वलगावला बैलांना सुया टोचायला गेलो होतो. काम आटोपून गिरजाबाईच्या मळ्यात डोकावलो. ती वांग्याच्या ओळीत निंदत होती. कमरेत वाकलेली, हातात खुरपं, दर दोन पावलांना मातीत हात. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर कबऱ्या आडवा पडून घोरत होता.

“बाई, तुमी दिवसभर वाकता, हा पळत नाही?”

“पयले आठ दिवस बांधावर जाऊन बसे. तिथूनच पाहत राहे, हिच्या हातात काय येते म्हनून. रोज गवतच येते. आता कशाले भेईल?”

मी मुद्दाम वाकलो. कबऱ्याने डोळा उघडला, उठला, आणि तिच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. गुरगुरला नाही. फक्त पाहत राहिला, माझ्या हाताकडे.

“तुमाले ओयखते तो,” गिरजाबाई म्हणाली आणि निंदायला लागली. मला वाईट वाटलं, पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

पुढे नोकरीत फार फॉर्म आले. वरून आलेला नवा फॉर्म मी आधी चौकीदाराला, गुराख्याला, नाहीतर एखाद्या भाजीवालीला वाचून दाखवत असे. ते गप्प राहिले तर सही करायचो. हसले तर नाही.